टर्बो कुणी खाल्ला? रीफगुरूंच्या प्रतिक्रियेला उत्तर

रीफगुरूसाहेब, नमस्कार.

प्रतिक्रियेखालीच दोन ओळी लिहून विषय संपवणार होते. पण दोनाच्या वीस झाल्या, म्हणून वेगळंच टाकतेय. माझा मागचा लेख खाऱ्या पाण्याच्या टँकमधल्या ब्रिसल वर्मवर, म्हणजे दगडांच्या भोकांत राहणाऱ्या केसाळ किड्यांवर होता. ते मेलेलं आणि उरलेलं खाऊन सफाई करतात, त्यांना राहू द्या, असं मी त्यात म्हटलं होतं. (नव्यांसाठी: टर्बो म्हणजे शेवाळ खाणारा शंखातला प्राणी, झोआ म्हणजे फुलांसारखे दिसणारे, प्रवाळांचे भाऊबंद, आणि लाइव्ह रॉक म्हणजे समुद्रातून आणलेला, जीवांनी भरलेला दगड.) बाकीच्या वाचकांना संदर्भ लागावा आणि मी सोयीचं तेवढंच उचललं असं कुणी म्हणू नये, म्हणून तुमचं म्हणणं आधी जसंच्या तसं देते:

“मॅडम, ब्रिसल वर्म राहू द्या हा तुमचा सल्ला नवख्यांची दिशाभूल करणारा आहे. सकाळी बघतो तर माझ्या टर्बोच्या शंखात पाच-सहा किडे. त्यांनी तो जिवंत खाल्ला आणि घरबसल्या चार फोटो टाकणाऱ्या बायका त्यांना सफाई कामगार म्हणतात, हे शुद्ध अज्ञान आहे. झोआही गेले. आधी फायरवर्म आणि साधा वर्म यातला फरक तरी सांगा. मी तर जंतनाशक टाकून मोकळा होणार आहे. फोटो आउट ऑफ फोकस आहे आणि लाइव्ह रॉक कुठून आणला ते सोयीस्कर गाळलंय.”

फोटोचं आधी उरकते, कारण तेवढं तुमचं बरोबर आहे. फोटो हलला आहे. रात्री दीडच्या सुमाराला टॉर्चवर लाल जिलेटीन कागद गुंडाळून, काचेला नाक लावून मोबाइलने काढलाय तो. पांढरा उजेड पडला की हे किडे क्षणात दगडात शिरतात, लाल उजेडात जरा वेळ देतात. बरा फोटो मिळाला की बदलीन. झालं?

आता त्या मधल्या वाक्याकडे येते.

लेख तुम्ही वाचलात, तुम्हाला तो पटला नाही, इथवर काहीच बिघडलं नाही. ‘माझा अनुभव वेगळा आहे’ एवढंच लिहिलं असतंत तर मी तुमच्या टँकचा आकार, पाण्याची क्षारता, खाणं किती घालता असं सगळं विचारलं असतं आणि आपलं बोलणं कामाच्या वाटेने गेलं असतं. पण त्या वाक्यात ‘बायका’ कुठून आल्या हे मला अजून कळलेलं नाही. दगडाखालचा किडा ओळखायला बाईमाणूस असणं आड येतं का? आणि घरबसल्या म्हणाल, तर घरचा टँक घरी बसूनच बघतात. तुम्ही तो ऑफिसातून बघत असाल तर टर्बोचं रात्री काय झालं हे तुम्हाला सकाळी का कळलं, त्याचा उलगडा झाला.

एरवी सांगितलं नसतं, पण विषय निघालाच आहे म्हणून सांगते. या प्राण्यांशी माझी ओळख टँकमुळे झालेली नाही. झूलॉजी घेऊन बी.एस्सी. केलंय. आमच्या वेळी प्रॅक्टिकलला नेरीस नावाचा समुद्री किडा असायचा. फॉर्मालिनने डोळे चुरचुरत असताना त्याच्या अंगाचा एक पॅरापोडियम, म्हणजे बाजूचा वल्ह्यासारखा पाय, सुईने अलगद सोडवायचा, स्लाइडवर ग्लिसरिनच्या थेंबात ठेवायचा आणि मायक्रोस्कोपखाली दिसणारे केसांचे दोन झुपके जर्नलमध्ये पेन्सिलीने काढायचे. बाण सरळ आले नाहीत तर मॅडम पान फाडायच्या. तो नेरीस पॉलिकीट वर्गातला, आणि तुम्ही ज्याच्यावर डूख धरलाय तोही त्याच वर्गातला. या वर्गात दहा हजारांहून जास्त जातींची नोंद झालेली आहे. पुढे अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवण्यात माझी नोकरी गेली. माझ्या हाताखालून गेलेली मुलं आज डॉक्टर आहेत, एक तर मत्स्यविज्ञानात संशोधन करतोय. त्यांच्यापैकी कुणी माझ्या तोंडावर ‘शुद्ध अज्ञान’ म्हटलेलं नाही. मागे म्हणत असतील, तो त्यांचा हक्क.

हे मोठेपणा मिरवायला सांगत नाही. तुम्ही विचारलंत, म्हणून सांगितलं. बरं, तुम्ही विचारलं नव्हतंत, पण अर्थ तोच होता.

आता तुमचा टर्बो. तो गेला याचं मला खरंच वाईट वाटतं. पण तुमचंच वाक्य पुन्हा वाचा. तुम्ही पाहिलंत काय? सकाळी शंखात किडे. म्हणजे तुम्ही जेवणारे पाहिलेत, मारणारा नाही पाहिलात. ‘जिवंत खाल्ला’ हा तुमचा निष्कर्ष आहे, आणि निष्कर्ष काढायला घर सोडून जावं लागतं असं काही नाही.

आपल्याकडच्या टँकमध्ये सर्रास दिसतो तो गुलाबी-तपकिरी, दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे झुपके असलेला किडा बहुतेक वेळा युरिथो किंवा त्याचा जवळचा भाऊबंद असतो. अ‍ॅम्फिनोमिडी हे त्याचं कुळ. या कुळातल्या किड्यांना जबडा नसतो. नेरीसला असतो, चिमट्यासारखा, बाहेर काढता येणारा. यांना नाही. हे घशाचा मऊ भाग बाहेर काढून मांस खरवडतात आणि ओढून घेतात. आता टर्बो आठवा. त्याच्या शंखाच्या तोंडावरचं झाकण चुन्याचं, जाड आणि घट्ट बसणारं असतं. तब्येतीने धड असलेला टर्बो धक्का लागला की आत जातो आणि झाकण लावून घेतो. बिनजबड्याचा किडा ते झाकण कशाने उघडणार?

मी एकदा हे सगळं समोर बसून पाहिलंय. ट्रोकस जातीचा शंख होता, वाळूवर उलटा पडलेला. मी त्याला सरळ करायचे, तो पुन्हा कलंडायचा. त्या रात्री एक किडा दगडातून अर्धा बाहेर आला, शंखाच्या कडेपर्यंत लांबला, तोंडाकडचा भाग झाकणाच्या कडेवरून सावकाश फिरवला आणि मागे गेला. मागचं अंग त्याने बिळातून सोडलंच नव्हतं, त्यामुळे माघार घेताना तो रबर सुटावं तसा आत गेला. दुसऱ्या रात्री झाकण सैल होऊन लोंबत होतं, आणि तेव्हा मात्र एकामागून एक चार-पाच जण आत शिरले. सकाळी शंख रिकामा, आतून घासल्यागत चकचकीत. तुम्ही सकाळी उठून फक्त तो शेवटचा भाग पाहिला असतात तर काय म्हणाला असतात ते मला आता ठाऊक आहे.

मग टर्बो मरतात कशाने? बऱ्याच दुकानांत मासे ठेवतात त्या पाण्याची क्षारता मुद्दाम कमी ठेवलेली असते, घनतेत सांगायचं तर १.०२० च्या आसपास. घरच्या टँकमध्ये आपण १.०२५ ठेवतो. माशाचं शरीर हा फरक काही प्रमाणात सांभाळून घेतं. शंखाला ते जमत नाही, त्याच्या शरीरातलं पाणी बाहेरच्या पाण्याबरोबर बदलतं. पिशवी अर्धा तास तरंगवून तापमान जुळवलं आणि शंख टँकमध्ये सोडला, की तो दोन-चार दिवस काचेला चिकटून असतो, मग खाली पडतो. पिशवीत ठिबक नळीने टँकचं पाणी थेंब थेंब सोडत तास-दोन तास घालवावे लागतात. तुम्ही घालवलेत का? दुसरं कारण उपासमार. टर्बोला शेवाळ लागतं, भरपूर लागतं, आणि तुमच्या टँकच्या फोटोतली काच आरशासारखी स्वच्छ आहे. तिसरं कारण मे महिना. चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, नसेल तर मुंबईत त्या दिवसांत टँक सहज तीस अंशांच्या वर जातो आणि उबदार पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी. पुढच्या वेळी टर्बो हलेनासा झाला की उचलून नाकाशी धरा. मेलेल्या टर्बोचा वास एकदा घेतलात की जन्मात चूक होणार नाही.

झोआंचं एका परिच्छेदात सांगते. झोआ खाणाऱ्या गोगलगायी वेगळ्या. एक चौकटीचौकटीची नक्षी असलेला चपटा गोल शंख, हेलिअकस. दुसरी बिनशंखाची न्युडिब्रँक, जी झोआ खाऊन त्याचाच रंग घेते आणि त्यांच्यातच बसते, म्हणून दिसत नाही. दोन्ही रात्रीच्या. त्यांनी कुरतडलेलं सडायला लागलं की आमचे सफाई कामगार पोचतात आणि नाव त्यांचं होतं. हो, सफाई कामगारच म्हणतेय, शब्द मागे घेतलेला नाही.

आता मूळ लेखात जे सांगायचं होतं आणि तुम्ही ज्याच्यावरून उडी मारून पुढे गेलात ते. हे किडे तुमच्या टँकमध्ये किती आहेत हे तुम्ही खाणं किती टाकता त्यावर ठरतं. २०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं, तेव्हा क्रॉफर्ड मार्केटमधली माशांची दुकानंही बंद. माझ्याकडचा फ्रोजन मायसिस (माशांना घालायचे बारीक गोठवलेले झिंगे) संपत आलेला, मिळण्याची खात्री नाही. मी माशांना एक दिवसाआड आणि अगदी मोजकं खायला घालायला लागले. तोवर माझ्या टँकमध्ये दिवे गेले की प्रत्येक भोकातून एक तोंड बाहेर यायचं, आमच्याकडे आलेल्या भाचीने ते बघून जेवण टाकलं होतं. पावसाळा सरेपर्यंत ती गर्दी ओसरली. मी एकही किडा काढला नाही, औषध नाही, सापळा नाही, खेकडा नाही. फक्त खाणं कमी झालं. मासे सगळे जिवंत राहिले, उलट थोडे चपळ झाले. हेही घरबसल्याच पाहिलं, पण त्या वर्षी सगळेच घरी बसले होते.

म्हणून मी लेखात म्हटलं की किडे वाढलेले दिसले तर आधी हात आखडा. सिटीलाइटच्या बाजारातून करंदी आणून घालणाऱ्यांनी ती नीट सोलून, दोन पाण्यांत धुऊन, बारीक चिरून घालावी. ते गढूळ पाणी टँकमध्ये गेलं की त्यावर मासे नाही, शेवाळ आणि किडे पोसले जातात. पंपाच्या मागे, दगडाच्या खाचेत अन्न साठतंय का ते बघावं आणि नळीने खेचून घ्यावं. घाई असेल त्यांच्यासाठी सापळाही लिहिला होता: जुन्या नायलॉनच्या मोज्यात कोलंबीचा तुकडा बांधून रात्री वाळूवर ठेवायचा, किड्यांचे केस त्यात अडकतात, दिवे लागण्याआधी उचलायचा. तुम्ही ते वाचलं नसावं. चिमट्याने ओढून तोडू नका असंही लिहिलं होतं, कारण युरिथोच्या तुटलेल्या तुकड्यांतून पुन्हा पुरते किडे तयार होतात आणि आपण मारतोय असं समजत आपणच वाढवतो.

मी त्यांना गोंजारा असं कुठेही म्हटलेलं नाही. हातमोज्याशिवाय दगड उचलल्याचा प्रसाद मलाही मिळालाय. उजव्या हाताच्या तर्जनीच्या पेरात काचेच्या तुसासारखे केस, उजेडात बोट तिरकं धरलं तरच दिसणारे. रात्रभर ठणका. चिकटपट्टी लावून ओढल्यावर बरेच निघाले, उरलेल्यांवर व्हिनेगर, कारण यांचे केस कॅल्शियम कार्बोनेटचे असतात आणि ते व्हिनेगरमध्ये विरघळतं. युरिथोच्या अंगात कॉम्प्लॅनिन नावाचं दाह करणारं द्रव्यही सापडलेलं आहे. ज्याला अशा गोष्टींची अ‍ॅलर्जी असेल त्याने सूज वाढली तर थेट डॉक्टरकडे जावं. हातमोजे घाला हे लेखात ठळक अक्षरांत आहे.

फायरवर्मचा फरक. तो पुढच्या भागात येणार होता आणि येईल, मी तुमच्या सोयीने क्रम बदलणार नाही. तरी विचारलंतच म्हणून थोडक्यात सांगते. तुम्ही इंटरनेटवर ज्याचे फोटो बघून घाबरला आहात तो हर्मोडिस, पाठीवर लालभडक फांद्याफांद्यांच्या कल्ल्यांचे गुच्छ असलेला आणि प्रवाळ खाणारा. तो अटलांटिक, कॅरिबियन आणि भूमध्य समुद्रातला रहिवासी. तुमचा ‘साधा’ युरिथोही त्याच कुळातला, त्यामुळे एक फायर आणि दुसरा बिनफायर अशी वाटणी निसर्गाने केलेली नाही. आपल्याकडे भीती बाळगायचीच असेल तर युनिसिड या दुसऱ्या कुळातल्या किड्यांची बाळगा. अंगावर इंद्रधनुषी चमक, डोक्यावर पाच स्पर्शिका आणि यांना जबडा असतो, चांगलाच. २००९ साली इंग्लंडमध्ये न्यूकीच्या ब्लू रीफ अ‍ॅक्वेरियममधली प्रवाळं रात्रीतून तुटायला लागली, म्हणून शेवटी तिथल्या लोकांनी दगड न दगड उपसला, तेव्हा चार फुटी किडा निघाला. असा दिसला तर तो राहतो तो दगडच बाहेर काढायचा. असल्यांना राहू द्या असं मी लिहिलेलं नाही, आणि ‘ब्रिसल वर्म’ या शीर्षकाखाली प्रत्येक जातीला वेगळं अपवादपत्र जोडायचं तर लेखाचा ग्रंथ होईल.

जंतनाशकाबद्दल मात्र मी चेष्टा करणार नाही. कुत्र्या-मांजरांचं फेनबेंडाझोल टँकमध्ये टाकणारे लोक मला माहीत आहेत. ते किडे मारतं, यात वाद नाही. प्रश्न असा की तुम्हाला दिसतात त्याच्या कितीतरी पट किडे दगडाच्या आत असतात. ते सगळे एकदम मेले की आतल्या आत सडतात, अमोनिया चढतो, आणि समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ असल्यामुळे त्या अमोनियाचा विषारी भाग गोड्या पाण्यातल्यापेक्षा जास्त असतो. ते खाऊन टाकायला जे होते त्यांनाच तुम्ही मारलेलं असतं. औषध दगडात मुरतं, आणि मग नवे टर्बो आणाल तेही तगत नाहीत. त्याचं खापर कुणावर फोडणार, तोवर किडे तर उरलेले नसतील. तांब्याची औषधं तर शंख, झिंगे, प्रवाळ सगळ्यांचा एकदमच निकाल लावतात. आणि हो, तुमच्या डीपीत जो सुंदर फेदर डस्टर पिसारा फुलवून बसलाय ना, पैसे मोजून आणलेला, तोही पॉलिकीटच. त्याला औषध टाकण्यापूर्वी सांगा की हे फक्त फायरवर्मसाठी आहे.

सिक्सलाइन रास हा मासा किंवा अ‍ॅरो क्रॅब हा खेकडा सोडा असं दोघांनी खाली सुचवलंय. दोन्ही किडे खातात, खरं आहे. लहान टँकमध्ये सिक्सलाइन नंतर बाकीच्या माशांना जगू देत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

लाइव्ह रॉक मी वापरलेलाच नाही, तेव्हा गाळायचा प्रश्न येत नाही. माझा दगड कोरडा होता, किडे एका मित्राने दिलेल्या केटो शेवाळाच्या गुंडाळीतून आले. ‘कुठून आणला’ या प्रश्नाचा रोख कळतो: दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणात आहेत, हे मला तुमच्याकडून शिकायचं नव्हतं. तुमच्या टँकच्या फोटोत मागे डाव्या बाजूला जे काही आहे त्याबद्दल मी विचारत नाही, तुम्हीही मला विचारू नका.

यापुढेही तुमच्या प्रतिक्रिया येऊ द्या, मी बंद करणार नाही. ‘बायका’ वगैरे पुन्हा आलं तर मात्र तेवढी ओळ काढून बाकीचं ठेवीन. आणि जंतनाशक अजून टाकलं नसेल तर टाकू नका, आधी रिफ्रॅक्टोमीटर दर हजारी ३५ च्या द्रावणावर जुळवून क्षारता मोजा. टाकून झालं असेल तर आजच औषध शोषून घेणारा कार्बन लावा, स्किमरचा (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राचा) कप रिकामा ठेवा, मिसळून ठेवलेलं खारं पाणी हाताशी ठेवा आणि रात्री झोपण्यापूर्वी अमोनिया तपासा. आकडा काय आला ते मला कळवलं नाहीत तरी चालेल.